जुन्या गाडीचे तेल काय सांगते?

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचीही पाती फिरू लागतील. बऱ्याच स्वयंचलित गाड्यांत इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे अशीच जाते; फक्त हवेऐवजी तेल असते. जर्मनीच्या हेर्मान फोटिंगर यांनी १९०५ साली ही युक्ती शोधली. गिअर बदलणाऱ्या चकत्या याच तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. म्हणून घरी अशी जुनी गाडी घेताना तेल मोजायची पट्टी काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाकून पाहा. नवे तेल बहुधा तांबडे, पारदर्शक असते. थेंब काळा दिसला, जळका वास आला, तर चकत्या घसरून तापल्या असाव्यात. तेल वेळेवर बदलल्यास चकत्यांचे आयुष्य वाढते.

आता सांगा, तेल फार कमी झाले तर इंजिन सुरू असूनही गाडी का हलत नाही?