फुकटचं व्हीपीएन : खेळ मुलाचा, जोखीम गटाची



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात चांगला स्मार्टफोन एकच असतो. दिवसा त्याच फोनवर बँकेचे मेसेज येतात, गटाच्या कर्जहप्त्याचा ओटीपी येतो, ग्रामसंघाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालतो. संध्याकाळी तोच फोन मुलांच्या हातात जातो आणि गेम सुरू होतो. गेमसाठी मुलं कधीकधी ‘व्हीपीएन’ नावाचं एक ॲप टाकतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : “काही नाही गं आई, फुकट आहे.” या महिन्याचा पाठ या ‘फुकट’वर आहे.

व्हीपीएन म्हणजे काय?

आपण फोनवर व्हिडिओ बघतो, गेम खेळतो, बँकेचं ॲप उघडतो. ही सगळी ये-जा आपल्या सिमकार्डाच्या कंपनीमार्फत होते. व्हीपीएन सुरू केलं की ती ये-जा आधी त्या व्हीपीएनवाल्याच्या संगणकाकडे वळते आणि तिथून पुढे जाते. तो संगणक सिंगापुरात असेल, तर गेमला वाटतं की खेळणारा सिंगापुरात बसलाय.

व्हीपीएन ही वस्तू मुळात वाईट नाही. घरून काम करणाऱ्यांना कंपन्या स्वतः ते देतात. प्रश्न एवढाच की, आपली सगळी ये-जा आपण कोणाच्या हातात देतोय? गटाचं पासबुक बँकेत पाठवायचं तर आपण ओळखीच्या, भरवशाच्या बाईकडे देतो. एसटी स्टँडवरच्या अनोळखी माणसाकडे देत नाही.

मुलं ते का टाकतात?

पहिलं कारण बंदी. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या गेमवरही बंदी आली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. पुढचं दार बंद झालं की मुलं मागचं दार शोधतात.

दुसरं कारण, “व्हीपीएनने गेम अडकत नाही” हा समज. खरं तर वाट लांबली की बहुतेक वेळा गेम जास्तच अडकतो, आणि फुकटच्या व्हीपीएनवर गर्दीही असते.

तिसरं कारण, गेममधले डायमंड किंवा युसी दुसऱ्या देशाच्या भावात स्वस्त मिळवायचे. हे गेमच्या नियमात बसत नाही. कंपनीने पकडलं तर खातं बंद, आणि भरलेले पैसेही गेले.

फुकट कसं परवडतं?

गटात कर्जाची मागणी आली की आपण काय विचारतो? पैसे कशाला हवेत आणि फेडणार कशातून? हाच प्रश्न या ॲपला विचारा. देशोदेशी संगणक ठेवायचे, वीजबिल भरायचं, पगार द्यायचे, आणि आपल्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. मग खर्च कशातून निघतो? सगळेच फुकट व्हीपीएन फसवे नसतात. काही कंपन्या विकतच्या सेवेचा थोडा नमुना फुकट देतात. पण पुढचे मार्गही घडलेले आहेत.

*आपली माहिती वापरून.* फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो ही कंपनी विकत घेतली. तिचं फुकट व्हीपीएन ‘तुमची माहिती सुरक्षित ठेवू’ असं सांगायचं. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वापरतात ही माहिती फेसबुकच्या धंद्यासाठी वापरली जात होती. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने याबद्दल फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

*आपलं इंटरनेट दुसऱ्याला विकून.* मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने एक मोठं जाळं मोडलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकट व्हीपीएन लोकांनी आपल्या कॉम्प्युटरवर टाकली होती. त्यातून १९० हून जास्त देशांतले सुमारे १ कोटी ९० लाख इंटरनेट पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले गेले. फसवणूक करणारा तिसराच, पण माग निघाला तर तो या लोकांच्या घरापर्यंत.

*फोनमध्ये शिरून.* २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने इतर संशोधकांसोबत अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. शंभरातल्या ३८ ॲपमध्ये घातक प्रोग्रामची चिन्हं सापडली. १८ टक्के ॲप माहितीला कुलूपच लावत नव्हती, म्हणजे ज्यासाठी व्हीपीएन घ्यायचं तेच काम करत नव्हती.

गटाच्या पैशाला धोका कुठून?

घाबरून जाऊ नका. बँकेचं ॲप स्वतःचं कुलूप लावूनच माहिती पाठवतं. त्यामुळे व्हीपीएन सुरू केलं की लगेच खातं रिकामं झालं, असं होत नाही. धोका असतो तो ॲपच्या रूपात घरात शिरलेल्या चोराचा. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आलेली फाइल उघडून ‘व्हीपीएन’ टाकलं, त्याला एसएमएस वाचायची परवानगी दिली, की ओटीपी तो तुमच्याआधी वाचतो. ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी दिली, तर तो स्क्रीनवरचं बघू शकतो आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबू शकतो. आणि ज्या फोनवर सचिव ताईंचा ओटीपी येतो, तिथे प्रश्न एका घराचा राहत नाही. दहा-बारा घरांची बचत त्यात अडकते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हीपीएन पहिल्यांदा सुरू होताना अँड्रॉइड फोन स्वतःच सावध करतो : हे ॲप तुमच्या इंटरनेटच्या ये-जावर नजर ठेवू शकेल, भरवसा असेल तरच होकार द्या. मुलं घाईत ‘ओके’ दाबतात आणि आपल्याला ते कळतही नाही.

आजच करा

१. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वरच्या शोधाच्या रकान्यात ‘व्हीपीएन’ लिहा. कोणतं ॲप जोडलंय ते दिसेल. स्क्रीनच्या वर चावीचं छोटं चिन्ह असेल, तर व्हीपीएन चालू आहे.

२. अनोळखी व्हीपीएन बंद करा आणि ॲप काढून टाका. नंतर कोणत्या ॲपला एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी आहे ते बघा. नको तिथली काढा.

३. प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकू नका. प्ले स्टोअरवरचंही प्रत्येक ॲप चांगलंच असतं असं नाही. बनवणारी कंपनी कोण ते बघा.

४. शक्य असेल तर बँकेशी जोडलेलं सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवा. गेमचा फोन वेगळा, ओटीपीचा फोन वेगळा.

५. पैसे गेलेच तर लाजू नका, लपवू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा आणि गटाला सांगा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मुलाच्या हातून फोन हिसकावून घेतला तर तो पुढच्या वेळी लपून टाकेल. त्याला शेजारी बसवा, हा पाठ मोठ्याने वाचायला लावा आणि फोन त्यालाच तपासायला सांगा. गटाचे पैसे या फोनवर अवलंबून आहेत हे त्याला कदाचित कोणी सांगितलेलंच नसेल.

बैठकीत चर्चेसाठी

– आपल्या गटाचे ओटीपी कोणाच्या फोनवर येतात? तो फोन घरात अजून कोण वापरतं?

– आपल्या फोनमध्ये आणखी कोणती फुकट ॲप आहेत? त्यांचा खर्च कशातून निघत असेल?

– पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीने आपला फोन तपासून काय आढळलं ते सांगायचं. अध्यक्ष आणि सचिव ताईंनी सुरुवात स्वतःपासून करावी.