संकेतस्थळावरील पत्ते : सापेक्ष मार्ग व मुळापासूनचा मार्ग

शाळेचे संकेतस्थळ तयार करताना मुलांनी जमविलेली माहिती व चित्रे शिक्षकांच्या संगणकावर व्यवस्थित दिसतात. परंतु तीच पाने दुसऱ्या ठिकाणी नेली की चित्राच्या जागी रिकामी चौकट उरते. चित्र नष्ट झालेले नसते. त्याच्याकडे जाणारा मार्ग चुकलेला असतो. हा मार्ग कसा लिहावा, हे समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

पाठाची सुरुवात

पन्हाळगड कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर आहे. ‘वायव्येस २० किलोमीटर जा’ ही खूण कोल्हापुरात उभ्या असलेल्या वाटसरूस उपयोगी पडते. राधानगरीत उभ्या असलेल्या माणसाने तीच खूण पाळली, तर तो गगनबावड्याच्या बाजूच्या डोंगरात शिरेल. ऐकणारा कोठे उभा आहे यावर जिचा अर्थ अवलंबून असतो, ती खूण सापेक्ष होय.

याउलट ‘जिल्हा परिषदेचे कार्यालय’ असे म्हटले, की आजऱ्याचा मनुष्य असो वा शिरोळचा, कोल्हापूरच्याच कार्यालयाकडे वळतो. मात्र हेच शब्द सांगलीत उच्चारले तर सांगलीचे कार्यालय समजले जाते. संकेतस्थळाच्या मुळापासून मोजलेला मार्ग असाच असतो. त्या स्थळाच्या कोणत्याही पानावर त्याचा अर्थ एकच राहतो. स्थळ बदलले की मूळही बदलते.

तिसरा प्रकार पूर्ण पत्त्याचा. टपालाच्या पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा व राज्य असते, त्याप्रमाणे यात संकेतस्थळाचे नावही येते. दुसऱ्याच्या संकेतस्थळाकडे दुवा द्यावयाचा तर हाच पत्ता लिहावा लागतो.

फळ्यावरील मांडणी

मूळ फोल्डरात ‘चित्रे’ व ‘पाठ’ असे दोन फोल्डर काढावेत. ‘चित्रे’ यात पन्हाळा.जेपीजी ही फाईल ठेवावी. ‘पाठ’ यात ‘भूगोल’ व ‘इतिहास’ असे दोन फोल्डर असावेत. भूगोलात किल्ले.एचटीएमएल व नद्या.एचटीएमएल, तर इतिहासात शाहू.एचटीएमएल असावे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ही माहिती या शेवटच्या पानावर आहे असे समजावे. येथे नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात रोमन लिपीतील लहान अक्षरे वापरणे व नावात मोकळी जागा न सोडणे सोयीचे असते.

आता ‘किल्ले’ या पानावरून मार्ग लिहावेत.

शेजारच्या पानाकडे : नद्या.एचटीएमएल
इतिहासाच्या पानाकडे : ../इतिहास/शाहू.एचटीएमएल
चित्राकडे, सापेक्ष : ../../चित्रे/पन्हाळा.जेपीजी
चित्राकडे, मुळापासून : /चित्रे/पन्हाळा.जेपीजी

दोन टिंबे म्हणजे ‘एक पायरी वर’. आरंभीची तिरपी रेघ म्हणजे ‘प्रथम मुळाशी जा’. एवढी एक रेघ विसरली तरी मार्गाचा प्रकारच बदलतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. सापेक्ष पत्त्यांचे नियम १९९५ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले.

कृती

अंगणात खडूने ही रचना आखावी व मूळ चौकटीस ‘वेस’ म्हणावे. ‘भूगोल’ चौकटीतील मुलास चिठ्ठी द्यावी : ‘एक पायरी वर, मग इतिहास.’ तो बरोबर पोहोचेल. तीच चिठ्ठी ‘चित्रे’ चौकटीतील मुलीस द्यावी. ती एक पायरी वर म्हणजे वेशीवर येईल आणि तेथे ‘इतिहास’ नाही म्हणून थांबेल. दुसरी चिठ्ठी अशी : ‘वेशीवर जा, मग चित्रे.’ कोणत्याही चौकटीतले मूल आता चित्रांपाशीच येईल. चूक मुलीची नव्हती, चिठ्ठीची होती, हे वर्गाने स्वतः सांगावे.

कोणता मार्ग केव्हा

‘किल्ले’ हे पान भूगोलातील ‘चौथी’ अशा नव्या फोल्डरात हलविले, तर दोन पायऱ्या वर जाऊन ‘पाठ’ येथेच पोहोचता येते. तेथे ‘चित्रे’ नाही, म्हणून सापेक्ष मार्ग तुटतो. मुळापासूनचा मार्ग टिकतो.

परंतु सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन इंटरनेट नसलेल्या शाळेत पाने थेट उघडली, तर स्थिती उलटते. तेव्हा आरंभीची तिरपी रेघ त्या ड्राइव्हचे किंवा संगणकाचे मूळ दर्शविते, शाळेच्या फोल्डराचे नव्हे. सापेक्ष मार्ग मात्र चालतात, कारण फाईलींचे परस्परांतील नाते बदललेले नसते. शाळेचे स्थळ दुसऱ्या मोठ्या संकेतस्थळाच्या एखाद्या फोल्डरात ठेवले, तरी हाच अनुभव येतो. म्हणून वाडीवस्तीवरील शाळांत प्रती वाटावयाच्या असतील, तर सापेक्ष मार्गच पत्करावा.

दोन दक्षता घ्याव्यात. संगणकाच्या स्वतःच्या ड्राइव्हचे अक्षर असलेला मार्ग पानात लिहू नये. तो त्या संगणकाबाहेर निरुपयोगी ठरतो. रोमन नावांतील लहानमोठी अक्षरे तंतोतंत जुळवावीत. विंडोज संगणक हा भेद सहसा मानीत नाही, पण अनेक सर्व्हर तो मानतात.

उजळणीचे प्रश्न

१. ‘शाहू’ या पानावरून ‘नद्या’ या पानाकडे जाणारा सापेक्ष मार्ग लिहा.
२. ‘शाहू’ या पानावरून पन्हाळ्याच्या चित्राकडे जाणारे दोन्ही मार्ग लिहा.
३. ‘पाठ’ या फोल्डराचे नाव बदलल्यास वरील चार मार्गांपैकी कोणता तुटेल? कारण सांगा.

तिसऱ्या प्रश्नास ‘एकही नाही’ असे उत्तर कारणासह आले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.