नव्या संगणकावर जुनं मॅटर

पुणे

चि. सोनू हिस,


तुझा लांबलचक मेसेज आणि स्क्रीनचे फोटो मिळाले. दुकानात नवा संगणक आला, त्यावर विंडोज ११ आलं, आणि वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेची पेजमेकरची फाइल उघडली तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं दिसायला लागली. ‘सगळं करप्ट झालंय’ असं तू लिहिलं आहेस. काहीही करप्ट झालेलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी दादानं बसवलेलं मॅटर त्या फायलीत जसंच्या तसं आहे. हे मी आधी सांगते, कारण घाबरलेला माणूस तीच फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह करतो, कुठलं तरी ‘रिपेअर’ सॉफ्टवेअर उतरवून घेतो, आणि तेव्हा मात्र खरंच नुकसान होतं.

आज दुकान बंद करण्याआधी दोन कामं कर. जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं काम, फॉन्टच्या फोल्डरसकट, बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर आणि यापुढे फक्त त्या कॉपीची कॉपी उघड. दुसरं, तो जुना संगणक भंगारात देऊ नकोस. त्याची इंटरनेटची वायर काढ आणि त्याला कोपऱ्यात राहू दे. त्याच्यावर आज जे चालतं ते नव्यावर चालेपर्यंत तो आपल्याला लागणार आहे.

आता झालं काय ते समजून घे. आम्ही ज्या काळात डीटीपी शिकलो त्या काळात पेजमेकरला मराठी कळत नव्हतं, आणि शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःची संकेतचिन्हं देणारं युनिकोड १९९१ साली आलं, विंडोज २०००मध्ये देवनागरीची सोय झाली, पण पेजमेकरची २००१ची शेवटची ७.० आवृत्तीसुद्धा युनिकोडशिवायच संपली. म्हणून श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांनी एक युक्ती केली. फायलीत साठवायची ती रोमन अक्षरांचीच संकेतचिन्हं, पण फॉन्टमध्ये त्या जागी चित्रं ठेवायची देवनागरीची. म्हणजे देवनागरी हा मुखवटा होता. फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो आणि खालचं रोमन दिसतं. तुला दिसतंय ते हेच. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एका फॉन्टमध्ये ज्या जागी ‘क’ आहे तिथे दुसऱ्यात काना असू शकतो. त्यामुळे ‘कुठलाही मराठी फॉन्ट लावून बघते’ हा तुझा विचार सोडून दे. फायलीत जो फॉन्ट वापरलाय त्याचं नेमकं नाव, पुढच्या आकड्यासकट, वहीत लिहून घे आणि तोच शोध.

तो फॉन्ट तू टाकला आहेस, तरी पेजमेकरच्या यादीत येत नाही असं म्हणतेस. यातली मेख ही आहे. २०१८ नंतरच्या विंडोजमध्ये फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं तर तो फक्त तुझ्या लॉगिनपुरता, तुझ्या खात्याच्या फोल्डरमध्ये बसतो. जुन्या प्रोग्रॅमना फॉन्टची एकच जागा ठाऊक असते, विंडोजच्या आतलं फॉन्ट्सचं फोल्डर. त्याच मेन्यूत ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ असतं, ते दाब. पेजमेकर बंद करून पुन्हा उघड. बहुतेक एवढ्यानंच पानं वाचता येतील. आणि फॉन्ट जुन्या टाइप वन प्रकारचा असला, तर पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांमध्ये तो दिसणारच नाही, कारण ॲडोबीनं जानेवारी २०२३पासून त्या प्रकाराला रजा दिली आहे.

टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची चावी, ओळखलं जात नाही, ही वेगळी अडचण आहे. दोन्हींची गल्लत करू नकोस. नवा संगणक ६४ बिटचा आहे. विंडोज ११ दुसऱ्या कुठल्या प्रकारात येतच नाही. पेजमेकर ३२ बिटचा, म्हणून तो चालू शकतो. विंडोज ३.१च्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम तिथे मुळीच चालत नाहीत, आणि कधीकधी प्रोग्रॅम ३२ बिटचा असतो पण त्याचा सेटअप १६ बिटचा निघतो. डोंगलसाठी मात्र ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, आणि तिथे ३२ बिटचा ड्रायव्हर घुसूच शकत नाही. फायलीच्या प्रॉपर्टीजमधला ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅब तू दहा वेळा बदललास तरी हे बदलणार नाही. तो टॅब प्रोग्रॅमला ‘ही विंडोज एक्सपी आहे’ असं सांगतो आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतो, बस. त्याचा उपयोग आहे, पण ड्रायव्हरसाठी नाही. तेव्हा कंपनीला फोन कर, पावती नाहीतर डोंगलवरचा नंबर सांग आणि ६४ बिटचा ड्रायव्हर किंवा नव्या आवृत्तीचा दर विचार. कुणी ‘क्रॅक’ देतो म्हणालं तर घेऊ नकोस. गिऱ्हाइकांचे फोटो, पत्ते, बिलं ज्या संगणकावर आहेत त्यावर अनोळखी माणसानं उघडून पुन्हा शिवलेला प्रोग्रॅम चालवायचा नसतो. आणि एका जुन्या ड्रायव्हरपायी विंडोजची सुरक्षा बंद करायलाही माझी संमती नाही.

दुरुस्तीची शिस्त म्हणून इतकंच सांगते: एका वेळी एकच बदल. फॉन्ट टाकला, बघ. मोड बदलला, बघ. नाही जमलं तर तो बदल मागे घे आणि मग पुढचा कर. एकदम पाच गोष्टी बदलल्यावर चालू झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एरर आली की ‘ओके’ दाबायच्या आधी मोबाइलवर तिचा फोटो काढ. ‘काहीतरी एरर येतेय’ या वाक्यावर कुणीही तुला मदत करू शकत नाही. एररचे शब्द जसेच्या तसे दिलेस तर बहुधा अर्ध्या तासात वाट सापडते. प्रोग्रॅम उघडतो पण सेव्ह करताना कुरकुरतो, असं झालं तर त्याला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधून काढून थेट सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये बसव. जुने प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरमध्ये लिहायला जातात आणि व्हिस्टापासून विंडोज तिथे सहजासहजी लिहू देत नाही. तरीही कारण सापडेना, तर मायक्रोसॉफ्टचं सिसइंटर्नल्स नावाचं मोफत साधनांचं खोकं आहे, त्यातला प्रोसेस मॉनिटर लाव. प्रोग्रॅम कुठली फाइल मागतोय आणि कुठे त्याला ‘नाही’ म्हटलं जातंय, ते ओळीनं दिसतं. पहिल्यांदा त्या ओळींचा पूर बघून डोकं गरगरेल. वर फिल्टर आहे, त्यात फक्त पेजमेकर ठेव.

कशानंच जमलं नाही तर व्हर्च्युअलबॉक्स. नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक चालवायचा, त्यात दादाच्या कपाटातल्या सीडीवरून जुनी विंडोज टाकायची आणि तिला इंटरनेट द्यायचं नाही. ती एक्सपी असेल तर तिचे सुरक्षेचे अपडेट मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४मध्येच थांबवले आहेत. सगळं बसवून झालं की ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेव, म्हणजे काही बिघडलं तर त्या घडीला परत येता येतं.

पण सोनू, माझं खरं सांगणं यापुढे आहे. पेजमेकर जिवंत ठेवणं हे तुझं काम नाही. तुझं काम मॅटर वाचवणं आहे. त्या स्मरणिकेत पहिल्या ग्रंथपालांच्या आठवणी आहेत, देणगीदारांची नावं आहेत, गावातल्या माणसांनी स्वतः लिहून दिलेले लेख आहेत, आणि त्यातली बरीच माणसं आता नाहीत. पेजमेकर चालला पाहिजे तो फक्त हे सगळं युनिकोडमध्ये बाहेर येईपर्यंत. उद्या तो बंद पडला तरी चालेल, पण मजकूर एकाच फॉन्टच्या आणि एकाच डोंगलच्या ताब्यात राहता कामा नये. कुठल्या दुरुस्तीवर किती तास घालवायचे, हे या हिशेबानं ठरव.

मजकूर बाहेर काढताना साधी टेक्स्ट फाइल काढू नकोस, आरटीएफ काढ. आरटीएफमध्ये कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ते टिकतं. साध्या टेक्स्टमध्ये ती खूण पुसली जाते, मग जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर इंग्रजी नावं, फोन नंबर, सनसुद्धा मराठी समजून त्यांचा चुरा करतो. इनडिझाइनची सीएस सिक्सपर्यंतची आवृत्ती कुणाकडे असेल तर ती पेजमेकरच्या ६.० पासूनच्या फायली थेट उघडते. लिबरऑफिसचं ड्रॉसुद्धा पेजमेकरची फाइल उघडतं. पानाची मांडणी हलते, पण मजकूर हाती लागतो. आणि फॉन्ट अजिबातच मिळाला नाही, फक्त छापील अंक राहिला, तर पानं चांगली स्कॅन करून गूगल ड्राइव्हमध्ये डॉक्सनं उघड. तो मराठी बऱ्यापैकी ओळखतो. मात्र प्रूफ कसून वाचावं लागतं.

कन्व्हर्टर निवडताना त्याची परीक्षा घे. मुखवट्याच्या फॉन्टात अक्षरं दिसतील त्या क्रमानं साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार शेवटी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. त्यामुळे कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून चालत नाही, जागाही बदलाव्या लागतात, आणि तिथेच तो चुकतो. एक परीक्षेचं पान बनव: दुर्मिळ, कीर्ती, निर्विघ्न, ज्ञानेश्वर, ब्राह्मण, शुद्ध, ॲड., ऑगस्ट, वाऱ्यावर, दुसऱ्या. शेवटचे दोन विशेष बघ. बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात, त्यांना आपला ऱ्य ठाऊक नसतो. मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की डोंगरातला लेख समुद्रात जातो. रूपांतर झाल्यावर फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये घे, ‘र्या’ शोध आणि सापडलेला प्रत्येक शब्द बघून दुरुस्त कर. ‘रिप्लेस ऑल’ करू नकोस, कारण ‘कार्यालय’ आणि ‘सूर्या’ बरोबरच आहेत. ‘ॲ’चंही तसंच. त्याला २००८पासून युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे, पण पुष्कळ ठिकाणी तो अजून ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. दिसायला सारखाच, शोधायला गेलं तर सापडत नाही. सगळीकडे एकच रूप कर.

मजकूर इनडिझाइनमध्ये नेल्यावर जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलतीकडे गेल्या, तर पुन्हा ‘करप्ट’ म्हणू नकोस. तोच परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाक. तिथे नीट दिसला तर मजकूर नीट आहे, दोष पानाच्या सेटिंगचा आहे. परिच्छेदाचा कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ कर, अक्षरं जागेवर येतील. नोटपॅडमध्येही चुकीचं दिसलं तर रूपांतरात चूक आहे. मिनिटभराची ही तपासणी तुझी संध्याकाळ वाचवते.

वेबवरच्या मोफत साधनांबद्दल तू विचारलंस. वापर, जरूर वापर. पीडीएफ जोडणं, फोटो लहान करणं, फॉन्ट बदलणं यासाठी आता प्रत्येक वेळी काही विकत घ्यायची गरज नाही. पण काही साधनं काम तुझ्याच ब्राउझरमध्ये करतात आणि काही तुझी फाइल आपल्या सर्व्हरवर नेतात. ओळखायचं कसं? पान पूर्ण उघडू दे, मग वाय-फाय बंद कर आणि काम करून बघ. झालं तर काम इथल्या इथे झालं. गूगलचं स्क्वूश फोटोंसाठी असंच चालतं. जी साधनं फाइल सर्व्हरवर नेतात त्यांच्याकडे लग्नपत्रिका, पतपेढीचा अहवाल, कुणाचे आधार कार्डाचे स्कॅन पाठवायचे नाहीत. गिऱ्हाईक कागद आपल्या विश्वासावर देतं. उतरवलेला प्रोग्रॅम व्हायरसटोटलवर तपासणं चांगलं, पण तिथेही गिऱ्हाइकाची फाइल टाकू नकोस. तिथे चढवलेलं सुरक्षेचं काम करणाऱ्या इतरांनाही बघायला मिळतं. तुझी विंडोज प्रो असेल तर तिच्यात ‘सँडबॉक्स’ आहे, नवं साधन आधी त्यात चालवून बघ. खिडकी बंद केली की त्यातलं सगळं पुसलं जातं.

दादा म्हणेल, एवढं कशाला, जुन्यावरच काम चाललं होतं. त्याच्याशी वाद घालू नकोस. त्यानं त्या प्रोग्रॅमवर घर चालवलंय, तुझं शिक्षण केलंय. त्याला शेजारी बसव आणि रूपांतर झालेलं पान वाचायला दे. चुकीचा रफार त्याच्या नजरेतून सुटत नाही.

आधी फक्त अध्यक्षांचं मनोगत आणि देणगीदारांची यादी रूपांतरित कर. यादी मुद्दाम सांगतेय, तिच्यात नावं आणि आकडे दोन्ही आहेत. त्या दोन पानांची पीडीएफ, मूळ छापील पानांच्या फोटोंसह, रविवारपर्यंत पाठव. मी ओळीला ओळ लावून प्रूफ वाचते. आणि फायलीतल्या फॉन्टचं नेमकं नाव उद्याच कळव, त्याचा कन्व्हर्टर माझ्याकडे असेल तर लगेच देते.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या