आपले ओझे

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. पहिल्याला बाजारामुळे नाव मिळाले, दुसऱ्याला आगगाडीमुळे. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोचला. बडनेरा सोडून गाडी पूर्वेकडे धावू लागली की वाटेत चांदूर लागते. त्यानंतर धामणगाव येते आणि वर्धा नदीचा पूल ओलांडला की पुलगाव.

मोठ्या जंक्शनावर गाडी जितका वेळ उभी राहते, तितका वेळ ती अशा लहान स्थानकावर राहत नाही. म्हणून येथे उतरणारा जाणता प्रवासी आधीपासूनच सावध असतो. गाव जवळ आले की तो बाकाखालच्या पिशव्या बाहेर ओढतो, नग मोजतो, पाण्याचा तांब्या पिशवीत ठेवतो आणि मुलांना पुढे घालून दाराशी येऊन उभा राहतो. ज्याच्याजवळ दोन नग आहेत, तो सहज उतरतो. ज्याच्याजवळ आठ आहेत, त्याची मात्र तारांबळ उडते. निम्मे सामान फलाटावर, निम्मे डब्यात आणि शिट्टी तर झालेली! प्रवासास निघताना घरी ज्याचा विचार केला नाही, त्याचा विचार अशा वेळी धावतपळत करावा लागतो. रेल्वेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला 35 किलो सामान विनामूल्य नेता येते. परंतु नियमाने किती नेता येते हा एक प्रश्न आहे आणि आपल्या हातांना किती पेलते हा दुसरा. शहाणा प्रवासी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधतो.

हाच प्रश्न समुद्रावर अधिक मोठ्या स्वरूपात उभा राहतो. आजकाल केवळ सहलीसाठी समुद्रावर फिरणारी प्रचंड जहाजे आहेत. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरही अशा जहाजांसाठी नवे स्थानक बांधण्यात आले असून 2025 साली त्याचे उद्घाटन झाले. एका जहाजावर हजारो प्रवासी असू शकतात. सफर संपली की त्या सर्वांना एकाच सकाळी खाली उतरायचे असते. मग हे सामान उतरावे कसे?

त्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत प्रवासी आपल्या पेटीला रंगीत किंवा क्रमांकाची चिठ्ठी बांधतो आणि आदल्या रात्री ती खोलीच्या दाराबाहेर ठेवतो. जहाजावरील सेवक रात्रीतून त्या पेट्या गोळा करतात आणि जहाज धक्क्याला लागले की खाली उतरवून चिठ्ठ्यांप्रमाणे मांडून ठेवतात. प्रवासी आपली पाळी आली की रिकाम्या हाताने उतरतो व आपली पेटी शोधून काढतो. दुसऱ्या रीतीत प्रवासी आपले सर्व सामान स्वतःच घेऊन उतरतो. त्याला पाळीची फारशी वाट पाहावी लागत नाही. बहुधा सर्वांआधी उतरण्याची मुभा त्यालाच मिळते. परंतु अट एकच: आपले सामान कोणाच्याही मदतीशिवाय त्याला नेता आले पाहिजे. त्या वेळी उद्वाहनांत गर्दी असते, जिने अरुंद असतात आणि धक्क्यावर उतरण्याची वाट उतरणीची असते.

पहिल्या रीतीत सोय आहे, पण तिच्यात एक धोका लपलेला आहे. पेटी एकदा दाराबाहेर गेली की सकाळपर्यंत ती हाती येत नाही. घाईघाईत सर्वच कपडे पेटीत भरणाऱ्या प्रवाशाला सकाळी अंगावरच्या झोपण्याच्या कपड्यांतच उतरण्याची पाळी येते. औषधे, पारपत्र, पैसे आणि सकाळचे कपडे एका लहान पिशवीत स्वतःजवळ ठेवावेत, हे म्हणूनच अनुभवी प्रवासी कधी विसरत नाहीत.

असाच एक प्रसंग आपल्या देशाच्या एका थोर पुरुषावर तरुणपणी ओढवला होता. मोहनदास करमचंद गांधी 4 सप्टेंबर 1888 रोजी बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. त्यांचे एकोणिसावे वर्ष तेव्हा पुरे व्हायचे होते. बोटीवर ते काळा पोशाख वापरीत. बंदरात उतरताना शोभून दिसावे म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख त्यांनी राखून ठेवला होता. बोट इंग्लंडला पोचली ती सप्टेंबरच्या अखेरीस. थंडी पडू लागली होती आणि पांढऱ्या पोशाखातील माणूस एकटे तेच! इतर प्रवाशांनी आपले सामान एका दलालाच्या स्वाधीन केले होते. ते पाहून गांधींनीही आपले सारे सामान किल्ल्यांसह त्याच्याकडे सोपविले. लंडनच्या हॉटेलात पोचल्यावर त्यांना कळले, की दुसरे दिवशी रविवार असल्यामुळे सामान मिळणार नाही. अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांची लाज वाटत होती, परंतु बदलायला दुसरे कपडे हाताशी नव्हते. पुढे आपल्या आत्मकथेत हा प्रसंग त्यांनी मोकळेपणाने सांगितला आहे.

सामान दुसऱ्याच्या हाती दिले, यात काही वावगे नव्हते. इतर देतात म्हणून आपणही द्यावे, एवढाच विचार त्यांनी केला. उद्या आपल्याला काय लागेल, याचा केला नाही. खरी चूक होती ती येथे.

याच गांधींचा चौदा वर्षांनंतरचा प्रवास पाहा. 1902 साली कलकत्त्याहून राजकोटला जाताना त्यांनी तिसऱ्या वर्गाने प्रवास करण्याचे ठरविले. सामान्य लोक कसा प्रवास करतात आणि त्यांना काय सोसावे लागते, ते त्यांना स्वतः पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी बारा आण्यांची एक कॅन्व्हासची पिशवी विकत घेतली. तिच्यात एक लोकरी कोट, एक धोतर, एक पंचा आणि एक सदरा एवढेच कपडे होते. याखेरीज अंगावर घ्यायला एक कांबळे आणि पाण्यासाठी एक लोटा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना आधी या बेताची गंमत वाटली. पण त्यामागचा हेतू समजताच त्यांनी तो मनापासून उचलून धरला. त्यांनी गांधींना एक डबा दिला आणि त्यात लाडू व पुऱ्या भरून दिल्या. इतकेच नव्हे, तर निरोप देण्यासाठी ते स्वतः स्थानकावर आले.

1888 सालच्या तरुणाजवळ सामान पुष्कळ होते, पण वेळेला त्यातले काहीच कामास आले नाही. 1902 सालच्या प्रवाशाजवळ सामान थोडे होते, परंतु ते सर्व त्याच्या हातात होते. स्वावलंबनाचे हे सुख त्या बारा आण्यांच्या पिशवीत साठविलेले होते.

वऱ्हाडात तर याहूनही हलक्या ओझ्याने फिरणारा एक महात्मा होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर हेच पुढे गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्रभर ओळखले गेले. 1905 साली त्यांनी घर सोडले. त्यानंतर त्यांची मालमत्ता म्हणजे एक खराटा, एक मातीचे गाडगे आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र. त्याच गाडग्यात ते भाकरी घेत आणि पाणीही त्यातूनच पीत. गावात पाऊल टाकले की ते खराट्याने रस्ते झाडू लागत. यात्रेकरूंसाठी त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. परंतु ज्याने हजारो लोकांना आपले ओझे उतरवून विसावा घेण्यासाठी छप्पर दिले, त्याने स्वतःचे ओझे मात्र कधी वाढू दिले नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, प्रवासातच, त्यांचे देहावसान झाले.

तथापि सर्वच ओझी हातातून नेता येत नाहीत. 1917 साली भीमराव आंबेडकर शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून मायदेशी परत निघाले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जमविलेला ग्रंथसंग्रह मोठा होता. तो त्यांनी दुसऱ्या बोटीने पाठविण्याची व्यवस्था केली. पहिले महायुद्ध तेव्हा चालू होते. जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने ती बोट बुडविली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. आंबेडकर स्वतः 21 ऑगस्ट 1917 रोजी सुखरूप मुंबईस पोचले. या हानीने ते खचले नाहीत. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, सोडलेला अभ्यास त्यांनी नेटाने पुरा केला आणि 1923 साली लंडन विद्यापीठाची डी.एससी. ही पदवी मिळविली. पुस्तके बुडाली, परंतु त्या पुस्तकांतून मिळविलेले ज्ञान बुडाले नाही. जे आपण खऱ्या अर्थाने आपले केलेले असते, ते कोणत्याही बोटीत ठेवावे लागत नाही.

आता एक शंका निघेल. प्रत्येकाने आपले ओझे आपणच वाहिले, तर हमालाने खावे काय? ही शंका योग्य आहे. स्थानकावर तांबडा सदरा घालून आणि दंडावर पितळी बिल्ला बांधून उभा असलेला माणूस कष्टाची भाकरी खातो. 2016 साली रेल्वेने त्याला ‘सहायक’ हे नाव दिले. बाजारपेठांत पोती उचलणाऱ्या, माथ्यावर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने 1969 साली स्वतंत्र कायदा केला. त्यांना योग्य मजुरी मिळावी आणि म्हातारपणी आधार असावा, हा त्या कायद्याचा उद्देश आहे.

म्हणून स्वावलंबन म्हणजे हट्ट नव्हे. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याच्या कडेवर तान्हे मूल आहे, ज्याचे सामान खरोखरच जड आहे, त्याने अवश्य मदत घ्यावी. जहाजाच्या जिन्यात सहा पेट्या घेऊन अडलेला प्रवासी स्वतःही खोळंबतो आणि मागच्या शंभर लोकांनाही खोळंबवितो. परंतु मदत घेताना मजुरी आधी ठरवावी, ती पुरेपूर द्यावी, ओझे डोक्यावर चढविताना हात लावावा आणि माणसाशी माणसासारखे बोलावे. ज्याने स्वतः कधी ओझे उचललेले नाही, तो घासाघीस करतो. ज्याने उचलले आहे, त्याला दुसऱ्याच्या मानेवरचा भार दिसतो. आपले ओझे आपण वाहण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच होय: त्यामुळे दुसऱ्याच्या ओझ्याचे वजन कळते.

ओझे उचलण्याचेही एक शास्त्र आहे. जड वस्तू कमरेतून वाकून उचलू नये. गुडघे वाकवून खाली बसावे आणि वस्तू अंगाशी धरून पायांच्या बळावर उठावे. एकाच हातात सारा भार घेण्यापेक्षा तो दोन हातांत वाटून घ्यावा. त्यामुळे शरीराचा तोल राहतो. डोक्यावर दोन घागरी घेऊन चालणारी बाई मान ताठ का ठेवते, याचे कारणही हेच. भार शरीराच्या मध्यरेषेवर आला, की तो कमी जाचतो. सपाट जागी चाकांचा फार उपयोग होतो; पण गंमत अशी, की माणूस 1969 साली चंद्रावर उतरला आणि प्रवासी पेटीला चाके लावण्याचे एकस्व अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना त्यानंतर, 1972 साली मिळाले! आणि जिना आला, की त्या चाकांचाही उपयोग संपतो. मग पुन्हा हातच कामी येतात.

विद्यार्थ्यांनाही रोज एक प्रवास करावा लागतो आणि त्यांच्या पाठीवरही ओझे असते. मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक असू नये, असे भारत सरकारचे 2020 सालचे धोरण सांगते. ज्याचे वजन 35 किलो आहे, त्याचे दप्तर साडेतीन किलोच्या आत असावे. रात्री दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक पाहून दप्तर भरले, नको ती पुस्तके बाहेर काढली, जड पुस्तके पाठीच्या बाजूला लावली आणि पट्टे दोन्ही खांद्यांवर घेतले, तर दप्तराचा त्रास पुष्कळ कमी होतो. हे काम आईने किंवा ताईने करावे, अशी अपेक्षा कशाला?

आयुष्यातही असेच आहे. काय बरोबर घ्यावे आणि काय मागे ठेवावे, हे निघण्यापूर्वी ठरवावे. जे घेतले, ते आपल्या बळावर न्यावे. न पेलल्यास नम्रपणे मदत मागावी आणि वाटेत दुसऱ्याचा खांदा वाकलेला दिसला, तर आपला मोकळा हात पुढे करावा. ज्याचे स्वतःचे ओझे बेताचे असते, त्याचाच एक हात मोकळा राहतो.

स्वाध्याय

1. जहाजावरून सामान उतरविण्याच्या दोन रीती कोणत्या? प्रत्येकीचा एक फायदा आणि एक अडचण सांगा.
2. 1888 आणि 1902 या वर्षांतील गांधीजींच्या प्रवासांत कोणता फरक दिसतो?
3. ‘स्वावलंबन म्हणजे हट्ट नव्हे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
4. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा: तारांबळ उडणे, पोटाला चिमटा घेणे, उचलून धरणे, घासाघीस करणे.
5. आपल्या दप्तराचे वजन करा. ते आपल्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक भरल्यास त्यातून काय कमी करता येईल, ते लिहा.