झिजलेला गुडघा आणि धावणे

समजा, तुमच्या ओळखीचे एक गृहस्थ गेली वीस वर्षे लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावत आहेत. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर त्यांनी अनेकदा पार केले आहे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा दुखू लागतो. सकाळी तो आखडलेला असतो, जिना उतरताना कळ येते. क्ष-किरण चित्रात दोन हाडांमधील फट कमी झालेली दिसते. डॉक्टर निदान करतात : ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजेच सांध्याच्या झिजेचा विकार. शेजारीपाजारी सांगतात, "गाडीचे टायर झिजते, तसाच गुडघाही. आता धावणे कायमचे सोडा."

हा सल्ला बरोबर आहे का? त्यासाठी आधी गुडघ्याची रचना पाहू.

गुडघ्यातील स्पंज

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांचे एकमेकांना लागणारे पृष्ठभाग कूर्चेच्या गुळगुळीत थराने झाकलेले असतात. हा थर अवघा काही मिलिमीटर जाडीचा. त्यात बहुतांश पाणीच असते. नवल असे, की कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिच्यातील पेशींना अन्न कोठून मिळते?

एक प्रयोग करा. बशीत पाणी घेऊन त्यात ओला स्पंज ठेवा. पाण्यात शाईचे चार थेंब टाका. स्पंजला हात लावला नाही, तर शाई आत हळूहळू शिरते. आता तो दाबा आणि सोडा, पुन्हा दाबा आणि सोडा. शाई भराभर आत शिरेल. कूर्चेचेही काहीसे असेच आहे. सांध्यात एक बुळबुळीत द्रव असतो. पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाते, उचलले की मोकळी होते. या दाबण्या-सोडण्यामुळे द्रवातील पोषक द्रव्ये आत पोहोचण्यास मदत होते. टायर निर्जीव आहे; कूर्चा सजीव आहे. तिला योग्य भाराची गरज असते.

मात्र झिजलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही, हेही खरे. म्हणून प्रश्न "धावावे की नाही" एवढाच नसून "भार किती द्यावा" हा आहे.

अमेरिकेतील एका अभ्यासात या विकाराच्या, पन्नाशी गाठलेल्या १,२०३ व्यक्तींची चार वर्षे पाहणी झाली. त्यांतील १३८ जण धावणारे होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, धावणाऱ्यांचा गुडघा न धावणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडल्याचे आढळले नाही. पण ही मंडळी आपापल्या गुडघ्याला झेपेल एवढेच धावत असावीत, हे विसरू नका.

भार कमी कसा करावा?

पहिला उपाय वजनाचा. वजन जास्त असलेल्या रुग्णांच्या चालण्याची मोजमापे स्टीफन मेसियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. शरीराचे वजन १ किलो घटले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने घटतो, असे त्यांना दिसले. आता गणित करा. एक पाऊल ७० सेंटिमीटरचे धरले, तर १ किलोमीटरला सुमारे १,४३० पावले होतात. एका गुडघ्याच्या वाट्याला ७१५. म्हणजे दर किलोमीटरला एका गुडघ्यावरचा एकूण २,८६० किलो भार वाचला!

दुसरा उपाय स्नायूंचा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा आणि मांडीवर हात ठेवा. पुढचे स्नायू घट्ट झालेले जाणवतील. पाऊल टेकताना बसणारा धक्का हेच स्नायू झेलतात. गुडघा दुखतो म्हणून हालचाल बंद केली, की ते रोडावतात आणि गुडघा आणखी दुखतो. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे हा साधा व्यायामही त्यांना बळ देतो.

तिसरा उपाय पावलांचा. मिनिटाला १६० पावले पडत असतील, तर वेग तोच ठेवून ती १६८ ते १७६ करावीत. पाऊल आखूड पडते आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. शिवाय आठवड्यातील काही दिवस धावण्याऐवजी सायकल किंवा पोहणे ठेवले, की दमसास टिकतो आणि गुडघ्याला विसावाही मिळतो.

दुखण्याची मोजपट्टी

व्यायामोपचारतज्ज्ञ रुग्णाला शून्य ते दहा अशी मोजपट्टी देतात. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे असह्य वेदना. व्यायाम करताना वेदना दोनपर्यंत असेल तर काळजी नको. पाचपर्यंत चालेल, पण ती दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली पाहिजे. नाही ओसरली, तर पुढच्या वेळी अंतर कमी करावे. सूज आली, गुडघा अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला, तर डॉक्टरांकडेच जावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे धोक्याची घंटा कापसात गुंडाळणे.

शस्त्रक्रियेचे काय?

२००२ साली ब्रूस मोझली व सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. १८० रुग्णांपैकी काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला, काहींचा साफही केला, तर काहींच्या त्वचेवर नुसते छेद दिले. आपल्यावर यांपैकी काय झाले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षांनंतरही खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा बरे नव्हते! सांधा अगदीच निकामी झाला, तर कृत्रिम सांधा हा चांगला उपाय आहे. पण ती शेवटची पायरी होय.

तेव्हा आपल्या धावपटू गृहस्थांना काय सांगाल? पूर्वीइतके अंतर कदाचित पुन्हा जमणार नाही. पण बूट कायमचे खुंटीला टांगण्याचे कारण नाही. गुडघा काय सांगतो ते रोज वहीत टिपावे आणि त्याप्रमाणे चालावे, धावावे.

करून पाहा : घरातील ज्या वडीलधाऱ्यांचा गुडघा दुखतो, त्यांची एका पावलाची लांबी मोजा. १ किलोमीटरला त्यांची पावले किती होतील? ३ किलो वजन घटले, तर एका गुडघ्यावरचा किती भार वाचेल?