निकालाची हिरवी ओळ

तयार बांधणीची लायब्ररी एका हुकुमासरशी यंत्रात उतरत असताना तीच लायब्ररी मूळ संहितेपासून स्वतः बांधण्याच्या खटाटोपात कोणी का पडावे, हा प्रश्न रास्त आहे. आणि ज्याला इंग्रजी शीर्षकांचे चार आलेख काढावयाचे आहेत त्याने त्या खटाटोपात मुळीच पडू नये, असेच माझे मत आहे. माझी अडचण निराळी होती. मराठवाड्यातील पर्जन्यमानाचा एक अहवाल मराठीत सिद्ध करावयाचा होता, आलेखांवरची तालुक्यांची नावेही मराठीतच हवी होती, आणि मॅटप्लॉटलिब ही सर्वत्र रूढ असलेली मुक्तस्रोत लायब्ररी त्या नावांच्या जागी रिकाम्या चौकटी काढून, २३५० क्रमांकाचे चिन्ह या टंकात नाही, अशी तक्रार करीत होती. २३५० म्हणजे आपला ‘म’. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून या लायब्ररीचा ठरीव टंक डेजाव्हू सान्स हा आहे आणि त्यात देवनागरी नाही, एवढे समजल्यावर देवनागरी टंक नेमून दिला, तेव्हा चौकटी गेल्या. परंतु ‘किनवट’ या नावाची आकृती ‘कनिवट’ अशी उमटली, आणि ‘त्र्यंबक’ पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांची रांग होऊन उभे राहिले.

याचे कारण असे की, टंकातून चिन्ह उचलून देणे हे एक काम आहे आणि उचललेल्या चिन्हांची लिपीच्या नियमाप्रमाणे जुळणी करणे हे सर्वस्वी वेगळे काम आहे. मॅटप्लॉटलिबमध्ये पहिले काम फ्रीटाइप नावाचा घटक चोख बजावतो. दुसरे काम करणारा घटक तिच्या नेहमीच्या बांधणीत त्या वेळी नव्हता, आणि म्हणून ऱ्हस्व वेलांटी लिपीच्या रीतीनुसार व्यंजनाच्या आधी न बसता साठवणुकीच्या क्रमाने नंतर बसत असे. यावर उपाय म्हणून कैरो या चित्रण-लायब्ररीवर आधारलेले एमपीएलकैरो हे स्वतंत्र चित्रणयंत्र उपलब्ध होते, जे रक्म या घटकाच्या साहाय्याने अक्षरजुळणी करते. मात्र त्याची मूळ लायब्ररीशी नीट सांगड बसली आहे की नाही याची खातरजमा करावयाची, तर मॅटप्लॉटलिब तिच्या परीक्षासाहित्यासह हाताशी असणे आवश्यक होते. तयार प्रतींतून हे साहित्य बहुधा वगळलेले असते. तेव्हा मूळ संहितेकडे वळण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ही लायब्ररी जॉन हंटर या मज्जाशास्त्रज्ञाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युल्लहरी पडद्यावर पाहता याव्यात म्हणून लिहावयास घेतली, २००३ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली, आणि २०१२ मध्ये हंटर यांचे अकाली निधन झाल्यानंतरही तिचा कारभार स्वयंसेवकांनी खंड न पडू देता चालविला आहे. वरवर ती पायथनची दिसते; पण रेषा गुळगुळीत करणारा ॲग, टंक वाचणारा फ्रीटाइप आणि बिंदूंची त्रिकोणी जाळी विणण्यास उपयोगी पडणारा क्यूहल हे तिचे खरे कष्टकरी सी आणि सी प्लस प्लस भाषांतले आहेत, आणि बांधणीतले बहुतेक तंटे यांच्याच दारात उद्भवतात.

त्या तंट्यांची हकीकत मी थोडक्यात आटोपतो, कारण ते निदान उघडपणे भांडतात. कंपायलर असून पायथनच्या हेडर फाइली नसणे हा पहिला आणि सर्वांत निरुपद्रवी तंटा होय. मॅटप्लॉटलिबच्या ३.९ या आवृत्तीपासून बांधणीची सूत्रे मेसॉन या साधनाकडे आली असून फ्रीटाइप आणि क्यूहल यांचे गठ्ठे बांधणीच्या वेळी जाळ्यावरून उतरविले जातात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बाहेरच्या जाळ्यावर पहारा असल्याने ती उतरण अडते, तेव्हा ते गठ्ठे अन्यत्र उतरवून सबप्रोजेक्ट्सच्या फोल्डरमधील पॅकेजकॅश या खणात आधीच ठेवले की काम भागते. स्मृती अपुरी असलेल्या यंत्रावर बांधणीची कामे चालविणाऱ्या निन्जाला एका वेळी एकच काम करण्याची ताकीद द्यावी, नाहीतर कंपायलर अर्ध्यावर मारला जातो आणि त्याचे कारण भलतीकडेच शोधले जाते. गिटमधून वेळ वाचविण्यासाठी उथळ प्रत घेऊ नये. लायब्ररी आपला आवृत्तिक्रमांक गिटमधल्या खुणांवरून ठरविते, आणि खुणा नसलेली प्रत स्वतःला शून्यापासून सुरू होणारा काहीतरी क्रमांक लावून घेते, जो पाहून इतर पॅकेजे तिला ओळख देत नाहीत. संपादनयोग्य बांधणी करताना पिपला वेगळ्या तात्पुरत्या कोठडीत बांधू न देण्याची अट घालावी, कारण बांधणी संपताच ती कोठडी आतल्या निन्जासकट नाहीशी होते, आणि पुढे लायब्ररी प्रत्येक वेळी स्वतःची फेरबांधणी तपासू पाहते तेव्हा तिला निन्जा सापडत नाही.

इथपर्यंत चुका बोलतात. परीक्षेच्या वेळी मात्र त्या गप्प बसतात, आणि माझे सांगणे मुख्यतः या गप्प बसणाऱ्या चुकांविषयीच आहे.

मला वापरावयास मिळालेल्या यंत्रावर पूर्वी कोणीतरी मूळ संहितेपासूनच बांधून ठेवलेली एक जुनी प्रत होती, तिचा थांगपत्ता कोणाच्या दप्तरी नव्हता. परीक्षा पॅकेजच्या नावाने बोलाविली असता परीक्षा चालविणारे पायटेस्ट हे साधन जी प्रत प्रथम सापडेल तिचीच परीक्षा घेते, आणि त्याप्रमाणे त्याने जुन्या प्रतीची परीक्षा घेऊन, नव्या प्रतीला स्पर्शही न करता, पडद्याच्या तळाशी उत्तीर्णतेची हिरवी ओळ झळकविली. तेव्हा परीक्षेपूर्वी, स्वतंत्र आभासी परिसरात, आयात झालेली लायब्ररी कोणत्या मार्गावरची आहे आणि तिचा आवृत्तिक्रमांक काय, हे दोन प्रश्न पायथनलाच विचारून उत्तर नोंदवून ठेवावे. याला अर्धे मिनिटही लागत नाही.

दुसरी गोष्ट वगळलेल्या परीक्षांची. पीडीएफ व पोस्टस्क्रिप्ट चित्रे पडताळण्यासाठी घोस्टस्क्रिप्ट लागते, एसव्हीजीसाठी इंकस्केप लागते, लेटेकने जुळवावयाच्या मजकुरासाठी लेटेक लागते, आणि खिडक्या उघडणाऱ्या परीक्षांसाठी पडदा लागतो. यांपैकी जे यंत्रावर नसेल त्याच्याशी संबंधित परीक्षा नापास न होता निमूटपणे वगळल्या जातात, आणि अखेरची ओळ तरीही हिरवीच राहते. ज्याला आपले आलेख छापखान्यात पीडीएफच्या रूपाने धाडावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीने ज्या निकालात पीडीएफची एकही तुलना झालेली नाही त्याची किंमत काय? पायटेस्टला वगळण्याची कारणे छापण्यास सांगता येते. ती यादी कंटाळवाणी असली तरी संपूर्ण वाचावी, आणि जे आपल्या कामाचे आहे ते साहित्य बसवून परीक्षा पुन्हा घ्यावी.

आता याच्या उलट प्रकार, म्हणजे दोष नसता आरोप. मॅटप्लॉटलिबच्या परीक्षांपैकी पुष्कळशा चित्रतुलनेच्या आहेत: संहितेसोबत ठेवलेले नमुना-चित्र आणि आताच काढलेले चित्र यांतील बिंदूबिंदूच्या फरकाचे वर्गमध्यमूळ काढले जाते, आणि खास मुभा दिलेली नसेल तर फरक शून्य असावा लागतो. आता अक्षराच्या कडा फ्रीटाइपच्या आवृत्तीगणिक किंचित बदलतात. म्हणूनच नमुना-चित्रांसाठी कित्येक वर्षे फ्रीटाइपची २.६.१ हीच आवृत्ती मुक्रर केलेली होती. आपल्या लिनक्सवर याहून नवे फ्रीटाइप आहे, मग जुने कशाला उतरवावे, अशा अगदी समंजस विचाराने जो कोणी बांधणीत यंत्रावरचे फ्रीटाइप वापरण्याचा पर्याय निवडतो, त्याच्यापुढे नापास परीक्षांचा ढीग येऊन पडतो. लायब्ररी याची आगाऊ सूचना देते, अपेक्षित आवृत्ती कोणती आणि सापडली कोणती हेही सांगते. परंतु पुढून येणाऱ्या लोंढ्यात ती सूचना वर निघून जाते आणि माणूस तळाचा आकडा पाहून हवालदिल होतो. अशा वेळी रिझल्ट इमेजेस या फोल्डरमध्ये प्रत्येक नापास परीक्षेमागे अपेक्षित, प्रत्यक्ष आणि फरकाचे अशी तीन चित्रे असतात, ती उघडून बघावीत. फरक केवळ अक्षरांच्या कडांवर असेल, तर तो टंकयंत्राचा मामला होय. रेषा सरकली असेल किंवा रंग बदलला असेल, तर मात्र चौकशी संहितेची केली पाहिजे. आपले चित्र नमुन्याच्या जागी ठेवून परीक्षा उत्तीर्ण करून घेण्याचा मोह या टप्प्यावर होतो, आणि संघात काम करणाऱ्यांनी तर तो कटाक्षाने टाळावा. आरोपीच्या जबानीवरूनच पंचनामा लिहिण्याचा तो प्रकार आहे.

कैरोच्या चित्रणयंत्राने हीच परीक्षामाला चालविली तेव्हा या सर्व विचाराची कसोटी लागली, कारण ॲग आणि कैरो यांची रेषा रंगविण्याची रीतच भिन्न असल्यामुळे चित्रतुलनेच्या जवळजवळ सगळ्याच परीक्षा नापास होतात, आणि हे त्याच्या कर्त्याने प्रांजळपणे लिहून ठेवलेले आहे. त्यासाठी सहिष्णुतेचा आकडा वाढविण्याची सोय दिली असून पन्नासपर्यंत नेल्यास बहुतेक कुरबुर शमते. पण एवढ्या सैल मापातून वेलांटीचे स्थलांतर सहज निसटू शकेल, हे ओळखून मी निराळी तजवीज केली. ऱ्हस्व वेलांटी, रफार, रकार, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’, तसेच ‘ऱ्य’तला खास मराठी अर्धा र असलेली तालुक्यांची व गावांची नावे एका कागदावर छापून, मराठी वाचणाऱ्या दोघांकडून ती तपासून घेतली, आणि तपासलेले तेच चित्र माझ्या छोट्या परीक्षेचा नमुना म्हणून ठेवले, तिच्यात सहिष्णुता शून्य आहे, आणि टंकाची फाइलही तिच्याच सोबत जतन केलेली आहे, कारण टंकाची नवी आवृत्ती आली की नमुना निरुपयोगी ठरतो.

एवढे करूनही एखादी परीक्षा खरोखरच संहितेच्या दोषाने पडते असे दिसले, तर लायब्ररीच्या कारभाऱ्यांकडे ती कैफियत अवश्य पाठवावी; मात्र संपूर्ण निकालाचा लोंढा पाठवू नये. ती एकटी परीक्षा नावाने चालवून तिचा निकाल, तिची तिन्ही चित्रे, पायथनने सांगितलेला मार्ग आणि आवृत्तिक्रमांक, फ्रीटाइपची आवृत्ती आणि कंपायलरचे नाव, एवढा मुद्देमाल पुरे होतो.