केसपेपरवर नसलेलं दुखणं

पुणे
श्रावण अखेर

चि. मृणाल,


तू बीड जिल्ह्यातल्या उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झालीस आणि बायकांसाठी आठवड्यातून दोन दिवस वेगळी ओपीडी मागून घेतलीस, हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवात कोणत्या उपकरणांपासून करू, असं विचारलं आहेस. उपकरणं राहू देत. आधी दार लागणारी खोली माग. पडद्यावर भागवू नकोस. पडद्याबाहेर बाकावर तिच्याच गावची कुणीतरी बसलेली असते, आणि तेवढ्यानेच ती गप्प होते.

तुझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींच्या केसपेपरवर ‘कंबरदुखी’ लिहिलेलं असेल. कंबर खरीच दुखत असते. पण शिंकलं की लघवी निसटते, संध्याकाळपर्यंत अंग बाहेर येतं, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की जीव घाबरतो, हे तिने कुणालाच सांगितलेलं नसतं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० बायकांची पाहणी केली. ती १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एखादा तरी आजार निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. म्हणून विचारायचं तू. ‘लघवीचा काही त्रास?’ असं मोघम विचारशील तर ‘नाही’ ऐकशील. ‘खोकला आला की कपडा ओला होतो का? उकिडवं बसल्यावर खाली हाताला काही लागतं का?’ असं सरळ, तिच्या भाषेत विचार. सासू बरोबर आली असेल तर तिला बाहेर बसायला तूच सांग. ते सुनेवर सोपवू नकोस.

एका भाजीवालीने माझ्याकडे कितीतरी वेळा कंबर शेकून घेतली होती. एसटीने गावाला जाता का, एवढं सहज विचारलं, तर म्हणाली, भावाच्या लग्नालाही गेले नाही, गाडीत लघवी थांबत नाही. ते ऐकल्यापासून प्रवासाचा प्रश्न मी प्रत्येकीला विचारत आले. तूही विचारत जा.

आता व्यायामाचं. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामावरचा लेख १९४८ साली लिहिला. तो नुसता ‘आवळा आणि सोडा’ म्हणून बाईला घरी धाडत नव्हता. आधी स्वतः तपासत होता, आणि आपला स्नायू किती जोर लावतो ते बाईला दिसावं म्हणून त्याने दाब मोजणारं यंत्रही केलं होतं. आपल्याकडे त्याचं नाव तेवढं राहिलं आणि तपासणी गळाली. छापील कागद हातात देऊन बाईला परत पाठवणं मला अजिबात मान्य नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ जणींना नुसतं तोंडी सांगून हा व्यायाम करायला लावला, तर निम्म्याच जणींना तो नीट जमला. चौथा हिस्सा बायका तर त्रास वाढेल अशा रीतीने जोर लावत होत्या. तुझ्यासमोर बाई काय करते ते नीट बघ. श्वास कोंडते का, कुल्ले घट्ट करते का, मांड्या जुळवते का; आणि पोट फुगलं तर समज की ती खाली ढकलते आहे.

समजावताना हे स्नायू म्हणजे माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत बांधलेली झोळी आहे असं सांग, हाताने दाखव. मग तिला लाकडी खुर्चीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून बसव आणि चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आवळतेस तसं आवळ, असं म्हण. टॉवेलवरून काहीतरी आत-वर उचललं गेलं असं तिला जाणवलं पाहिजे. आतून तपासायचं असेल तर काय करणार आहेस ते आधी सांग, तिचा होकार घे, आणि मधेच ‘नको’ म्हणाली तर तिथेच थांब. रुग्णालय सरकारी आहे, रांग मोठी आहे, म्हणून यात सूट नाही. स्नायू सापडला की आठ वेळा आवळणं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी मधेच अडवून सराव करायला मात्र सांगू नकोस.

तीन महिने म्हटलं खरं, पण तुझ्या बायका दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातील. दसऱ्याला उरलाय जेमतेम दीड महिना. फडावर तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन त्या गाडीला लावलेल्या फळीवर चढतात. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. त्यांना ‘जड उचलू नका’ सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. त्यापेक्षा मोळी उचलण्याच्या क्षणी आधी आवळायचं, मग श्वास सोडत उठायचं, हे तुझ्या खोलीतच वजन उचलायला लावून घोटून घे. खोकण्याआधी, शिंकण्याआधीही तसंच. आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची सवय, मिश्री, जुना खोकला, बद्धकोष्ठ, हेही विचारायला विसरू नकोस, कारण शौचाला रोज कुंथणारी बाई व्यायामाने कमावलेलं तिथे घालवते.

तुझ्या जिल्ह्यात तिशी-पस्तिशीतल्या गर्भाची ‘पिशवी काढलेल्या’ बायका तुला भेटतीलच. २०१९ मध्ये अशा शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. समिती झाली, अहवाल झाला, पण त्या बायकांच्या शरीराचं पुढे काय, हा प्रश्न तुझ्या टेबलावर येणार आहे. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, ते कागद मागवून बघ. काढली असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास तिला त्या दिवसापासून सुरू झालेले असतात. अंगातून वाफा येणं, झोप उडणं, सांधे धरणं, आणि हाडं आतून झिजत जाणं. तिची कंबर नुसती शेकून भागणार नाही. पाय-पाठीला ताकद येईल असा व्यायाम दे, आणि हाडांसाठी, हार्मोन्ससाठी डॉक्टरांकडे पाठव. ‘पिशवी गेली, आता कॅन्सरची भीती गेली’ असं तिला कुणी सांगितलेलं असतं. आता ती उठता-बसता दुखतंय म्हणते, तर घरचे नाटक समजतात. तू तिचं खरं मान. मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक. सगळ्यांनाच आवळायला लावू नकोस. नवीन लग्न झालेली मुलगी संबंध जमत नाही म्हणून येईल, किंवा लघवी धरून धरून जिचं ओटीपोट सतत ताठ आहे अशी शाळामास्तरीण येईल. तिचे स्नायू आधीच घट्ट असतात, तिला सोडायला शिकवायचं. पोटात खोल श्वास, गुडघे दुमडून पडणं, घाई नाही. अशा मुलीला व्यायामाच्या नावाखाली आणखी आवळायला लावलं तर तिचं दुखणं आपण वाढवतो.

पाळी गेल्यावर रक्त दिसलं, लघवीतून रक्त आलं, स्तनात गाठ लागली, तर व्यायाम बाजूला ठेव आणि त्याच दिवशी पुढे पाठव. अंग पूर्ण बाहेर येत असेल तर शस्त्रक्रियेआधी आत बसवायच्या रिंग पेसरीचा पर्याय आहे, तो तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंशी बोलून ठेव. फडावर जाणारीला ती बसवली तर धुवायची कशी, तपासायला कुठे जायचं, हे आधी ठरवूनच बसवा.

आशाताईंची बैठक महिन्यातून एकदा होते ना? त्यात अर्धा तास माग. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची नावं त्यांच्याकडूनच मिळतील. पहिली यादी झाली की मला फोन कर, कुणाला कधी बोलवायचं ते दोघी मिळून ठरवू.

तुझी,
मॅडम